आठ लाख साठ हजारांचं सरकारी बिल आणि अडीच वर्षं

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. बारा माग, चादर आणि टॉवेल. माग नवरा बघतो. हिशेब, जीएसटी आणि बँक माझ्याकडे. सूत कुणाकडून, काय भावानं घ्यायचं हे अजून सासरेच ठरवतात. त्यांना मी मामा म्हणते. २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही एका शासकीय संस्थेला माल दिला आणि त्या व्यवहाराचा शेवटचा रुपया २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या खात्यात आला. मधल्या काळात मी ज्या गोष्टी चुकतमाकत शिकले, त्या तारखांसकट लिहून ठेवतेय. आमच्यासारखे अनेक जण आज त्याच रांगेत उभे आहेत हे मला माहीत आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथली बरीच माणसं चांगली होती, आणि नावावाचून काही अडत नाही.

पुरवठा आदेश ६ फेब्रुवारी २०२३ चा. वसतिगृहांसाठी १,८०० चादरी, नग ३१० रुपये, आणि १,८०० टॉवेल, नग १४५ रुपये. मालाचे ८,१९,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटीचे ४०,९५०, म्हणजे एकूण ८,५९,९५०. बारा मागांच्या कारखान्याला ही मोठी ऑर्डर. सूत उधारीवर उचललं, रात्रपाळी लावली, शिलाईला दोन बायका जादा घेतल्या. आदेशाच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती, 'देयक निधीच्या उपलब्धतेनुसार अदा करण्यात येईल.' ती मी वाचली होती. सगळ्याच सरकारी आदेशांत असते म्हणून पुढे गेले.

२१ मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, टेम्पो गेला. भांडारपालांनी गठ्ठे मोजून घेतले, चलनावर सही केली, शिक्का मारला. संध्याकाळी नवऱ्यानं चलन माझ्या टेबलावर ठेवलं, मी ते फाईलला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निवांत गुढी उभारली. त्या चलनावर सही होती, शिक्का होता, तारीख नव्हती. हे मला तब्बल दहा महिन्यांनी दिसलं.

बिल २३ मार्चला तीन प्रतींत दिलं. लेखा शाखेतले भाऊसाहेब म्हणाले, "३१ च्या आत काढून टाकतो." त्यांनी खोटं सांगितलं असं मला आजही वाटत नाही. पण मार्चअखेरीस सगळ्यांचीच बिलं एकदम कोषागाराकडे धावतात. ज्याचा निधी प्रणालीवर दिसतो त्याचं निघतं, उरलेला निधी परत जातो आणि १ एप्रिलला सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आमचं बिल राहिलं.

२० एप्रिलला मार्चचा जीएसटी भरायची मुदत होती. पैसे आलेले असोत वा नसोत, बिल फाडलं की कर द्यावा लागतो. सूत घेताना भरलेला कर (इनपुट) वजा जाता बाकीचा कर मी रोखीनं भरला. म्हणजे आम्हाला सरकारकडून काही मिळण्याआधी आम्हीच सरकारला दिलं. नवीन लोकांना माझं सांगणं आहे की सरकारी ऑर्डरचा भाव काढताना ही रक्कम आणि किमान सहा महिन्यांचं बँकेचं व्याज धरूनच चाला.

पुढचे पाच महिने मी फक्त फोन केले. "अनुदान आलं की पहिलं तुमचंच." "साहेब मीटिंगला गेलेत." "फाईल वर गेलीय." मामा म्हणायचे, "सरकारी पैसा उशिरा येतो, पण बुडत नाही. तोंड वाईट करू नको, पुढची ऑर्डर जाईल." ही भीती आमच्या बाजारात सगळ्यांना आहे. लेखी मागितलं की नाव काळ्या यादीत जातं, असं जो तो ज्याला त्याला सांगतो. मीही घाबरले. ऑगस्टमध्ये कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, मर्यादा संपली आणि सूतवाल्या शेठजींनी पुढचा माल रोखीवर केला. आठवड्याचा पगार तर शनिवारी द्यावाच लागतो. माझ्या पाटल्या आणि गोठ बँकेत ठेवून २,२०,००० रुपये काढले. बँकेतून घरी येताना रिक्षात मी हात ओढणीखाली झाकून बसले होते. सासूबाईंना कळायला नको होतं. त्यांना त्याच दिवशी कळलं.

आमच्या सीए मॅडमनी मला त्या आठवड्यात एकच प्रश्न विचारला, "पाच महिन्यांत तुम्ही लेखी किती वेळा मागितलं?" एकदाही नाही. माझ्याकडे फोनमधले शंभरेक कॉल होते आणि कागद एकही नव्हता.

१८ सप्टेंबर २०२३, गणपतीच्या आदल्या दिवशी, मी पहिलं पत्र दिलं. एका पानाचं. आदेश क्रमांक आणि तारीख, मालपुरवठ्याची तारीख, बिल क्रमांक, रक्कम, आमचा उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून केंद्राकडची नोंदणी) क्रमांक, आणि शेवटी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ व १६ चा उल्लेख. आवक-जावक टेबलावर दोन प्रती नेल्या, एक त्यांनी ठेवली, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतली. तिथल्या मॅडम क्रमांक टाकायचा कंटाळा करत होत्या, मी थांबले. नुसत्या शिक्क्यावर घरी जाऊ नका, क्रमांक लिहून घ्या.

मग लेखा शाखेत गेले. मला वाटलं होतं भाऊसाहेब चिडतील. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "ताई, हे आधी का नाही दिलं? कागदच नव्हता तर मी टिपणी कशावर टाकणार?" माझे पाच महिने कुठे गेले ते मला तेव्हा समजलं. तोंडी विनंती ऐकून कारकून सहानुभूती दाखवू शकतो, फाईल हलवू शकत नाही. फाईल हलवायला त्यालाही हातात काहीतरी लागतं. त्या दिवसापासून मी दर महिन्याला एक पत्र दिलं, आधीच्या पत्राचा आवक क्रमांक वर लिहून. भांडणाचा एकही शब्द कुठल्याच पत्रात लिहिला नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी माझ्या शब्दांत सांगते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली की ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि करारात काहीही लिहिलेलं असलं तरी ४५ दिवसांपुढे जायचं नाही. करारात मुदतच ठरलेली नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरतात. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. त्या काळात बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे आमचा दर वर्षाला २०.२५ टक्के. आमचे ४५ दिवस ५ मे २०२३ ला संपले होते. 'निधीच्या उपलब्धतेनुसार' ही ओळ या कायद्यापुढे टिकत नाही, कारण करारात काहीही असलं तरी कलम १५ ची ४५ दिवसांची मर्यादा आणि कलम १६ चं व्याज लागू होतं, आणि कलम २४ नुसार दुसऱ्या कायद्यात विसंगत काही असेल तरी या तरतुदी वरचढ ठरतात.

खरेदीदार सरकारी असला तरी हे सगळं लागू होतं. बाजारात अनेकांना वाटतं की हे खाजगी व्यापाऱ्यांपुरतंच आहे. त्याला कारणही आहे. आयकर कायद्यात ४३बी(एच) आलं तेव्हा, २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, आमच्या कापड बाजारात दुसरा विषय नव्हता. ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही, म्हणून खाजगी पार्ट्या पटापट चेक देऊ लागल्या. सरकारी कार्यालय आयकर विवरणपत्र भरत नाही, त्यामुळे त्या कलमाचा धाक तिथे शून्य. तिथे २००६ चाच कायदा कामाला येतो.

९ ऑक्टोबरला माहिती अधिकाराचा अर्ज दिला. दहा रुपये शुल्क. मी तीनच गोष्टी मागितल्या: आमचं बिल आज कोणत्या टप्प्यावर आहे, त्यावरच्या सगळ्या टिपण्यांच्या प्रती, आणि त्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकात त्या खर्चासाठीच्या खात्यात) एप्रिलपासून किती निधी आला व तो कुणाकुणाला दिला. 'पैसे का दिले नाहीत' असा प्रश्न अर्जात घालू नका, 'का' म्हणजे माहिती नव्हे असं उत्तर येतं. कागदाची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची, मला ३२ व्या दिवशी, धनत्रयोदशीला, रजिस्टर पोस्टानं आलं. तीस दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील करता येतं, वीस रुपयांचं तिकीट लावून.

त्या टिपण्यांत एक ओळ होती. २९ मार्चची. 'सदर पुरवठा प्राप्त झाला असून देयक अदा करण्यास हरकत नाही.' खाली सही. दहा रुपये आणि पानामागे दोन रुपयांत मला माझ्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा मिळाला. त्यांच्याच फाईलवर त्यांनीच माल मिळाल्याचं लिहिलं होतं. निधीच्या उत्तरात असंही दिसलं की ऑगस्टमध्ये त्या शीर्षाखाली काही रक्कम आली होती आणि ती दुसऱ्या बिलांना गेली होती. त्या रात्री मी जेवले नाही. मी फोनवर "बरं साहेब" म्हणत होते, त्याच महिन्यात पैसे आले होते.

डिसेंबरच्या पत्राला प्रथमच लेखी उत्तर आलं, ५ जानेवारी २०२४ चं: मालाचा गुणवत्ता तपासणी अहवाल प्रलंबित असल्याने देयक प्रलंबित आहे. हा शोध नऊ महिन्यांनी लागला होता. पुढच्या आठवड्यात, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, मी एका नातेवाइकांकडे गेले असताना त्याच संस्थेच्या एका वसतिगृहावरून रिक्षा गेली. गच्चीच्या कठड्यावर ओळीनं चादरी वाळत होत्या. निळी पट्टी, कडेला मोराची नक्षी, आमच्या सात नंबरच्या मागावरची. त्या मागाची पट्टी डाव्या कडेला जरा दाटते, नवरा कितीदा दुरुस्त करूनही दाटते. मी रिक्षा थांबवली. चादरी धुऊन धुऊन मऊ पडल्या होत्या, रंग एक छटा उतरला होता. मुलं त्यावर नऊ महिने झोपली होती, आणि कागदावर त्यांची तपासणी व्हायची होती. मी रस्त्यावरूनच फोटो काढले. ते पुढे कुणी बघितलेही नाहीत, पण वकिलाकडे जायचं मी त्या कठड्याखाली ठरवलं.

जिल्हा न्यायालयाजवळचे एक वकील आमच्या नात्यातल्यांचे परिचित. सल्ल्याचे १,५०० रुपये घेतले आणि तासभर बसवून रस्ते समजावले. दिवाणी दावा करायचा तर सरकारला आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यायची, दोन महिने थांबायचं, मग दावा. तीन लाखांच्या वरचा व्यापारी वाद म्हणून आधी मध्यस्थीचीही पायरी. उच्च न्यायालयात रिट (सरकारविरुद्धची याचिका) करता येतं, पण देणं मान्य असेल आणि वस्तुस्थितीचा वाद नसेल तर त्यात अर्थ. त्यासाठी तेव्हा मुंबई गाठावी लागली असती. (१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा तिकडे जोडला गेला, ही आपल्याकडच्या लोकांची मोठी सोय झाली.) तिसरा रस्ता म्हणजे सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषद. कलम १८ खाली अर्ज, आधी समेट, तो फसला तर लवाद. आम्ही हा घेतला.

वकिलांनी आधी माझे उद्यम प्रमाणपत्र बघितलं. नोंदणी ऑर्डरच्या आधीची आहे का? आमची २०२० ची होती. मालाची ऑर्डर झाल्यावर नोंदणी केली तर मागच्या व्यवहाराला फायदा मिळत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ आणि २०२२ च्या निकालांत म्हटलं आहे. २०२५ च्या जानेवारीत हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे, तरी तुम्ही धोका कशाला घेता? नोंदणी फुकट आहे, आज करा. दुसरं म्हणजे तुम्ही स्वतः उत्पादन करता का? नुसत्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. थकबाकीच्या या तरतुदी त्याला लागू नाहीत.

आणि मग त्यांनी चलन हातात घेतलं. "तारीख कुठाय?" माझ्या पोटात गोळा आला. ४५ दिवस कुठून मोजायचे, तोच दिवस कागदावर नव्हता. भांडारपालांची एव्हाना बदली झाली होती. रात्री मी आणि नवरा कारखान्याच्या कपाटातली सगळी खोकी जमिनीवर ओतून बसलो. दीड वाजता ई-वे बिलाची (मालवाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याची) प्रत सापडली. २१ मार्च २०२३, टेम्पोचा नंबर, माल, रक्कम, पोहोचवायचा पत्ता. त्याला २९ मार्चची ती टिपणी जोडली की साखळी पूर्ण होत होती. नवऱ्यानं त्या कागदाचे तिथल्या तिथे फोनवर चार फोटो काढले. आता आमच्या टेम्पोवाल्याला पक्की सूचना आहे: सही, पूर्ण नाव, हुद्दा, शिक्का आणि हातानं लिहिलेली तारीख, तोवर गाडी हलवायची नाही.

५ फेब्रुवारी २०२४ ला परिषदेकडचा अर्ज केंद्राच्या 'समाधान' पोर्टलवर भरला. उद्यम क्रमांक टाकला की माहिती आपोआप येते, नोंदणीत दिलेला मोबाइल जवळ हवा. आदेश, बिल, चलन, ई-वे बिल, पत्रांच्या आवक प्रती, माहिती अधिकाराचं उत्तर, सगळं स्कॅन करून. व्याजाचा तक्ता वेगळा, महिन्याच्या ओळी करून. त्या दिवशीचं व्याज १ लाख ४० हजारांच्या जवळपास होतं. (२०२५ च्या जूनमध्ये केंद्रानं ऑनलाइन वाद निवारणाचं नवं पोर्टल सुरू केलं आहे, त्यामुळे नव्यानं अर्ज करणाऱ्यांनी कुठे भरायचं ते आधी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावं.)

कायद्यात ९० दिवसांत निकाल द्यावा असं लिहिलं आहे. आम्हाला पहिली तारीखच पाच महिन्यांनी मिळाली. मध्ये लोकसभेची आचारसंहिता आली. ११ जुलै २०२४, पुणे. पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस पकडली, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. समोरची बाजू आलीच नाही. पाच मिनिटांत पुढची तारीख. परतीच्या गाडीला अजून सात तास होते. पुणे स्टेशनवर बाकड्यावर बसून मी फाईलला पान क्रमांक टाकले, आणि हे मी आधी का केलं नाही असं वाटलं, कारण पुढच्या वेळी त्याचाच उपयोग झाला.

२९ ऑगस्टला त्यांचे एक कर्मचारी आले, पण अधिकारपत्राशिवाय. त्यांना बोलायचा अधिकार नाही म्हणून परिषदेनं त्यांना परत पाठवलं आणि कार्यालयप्रमुखांना लेखी कळवलं. गुणवत्तेचा मुद्दा मात्र त्या दिवशी निघाला. मी म्हटलं, पान चौदा बघा. २९ मार्चची टिपणी. त्यानंतर तो मुद्दा कुणी काढला नाही.

मग विधानसभेची आचारसंहिता. तिसरी बैठक ९ जानेवारी २०२५ ला. या वेळी लेखाधिकारी स्वतः आले होते, आणि बाहेर चहाच्या वेळी त्यांनी मला मनापासून एक गोष्ट सांगितली. "मूळ रकमेला शीर्ष आहे, ती मी मिळवीन. व्याजाला शीर्ष नसतं. व्याज दिलं की लेखापरीक्षणात विचारतात, उशीर कुणी केला, कुणाकडून वसूल करायचं?" इतके महिने मी व्याजाकडे आपली भरपाई म्हणून बघत होते. ते व्याज त्या खुर्चीवरच्या माणसाच्या मानेवर बसलेलं असतं हे मला तेव्हा दिसलं, आणि ते महिन्याला वाढतंय म्हणूनच ते पुण्याला आले होते. त्या दिवशी आमचा तक्ता ३ लाख ४१ हजारांवर पोहोचला होता. शिवाय परिषदेचा निवाडा विरोधात गेला आणि न्यायालयात आव्हान द्यायचं ठरवलं, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हेही त्यांना माहीत होतं.

समेट झाला. मूळ ८,५९,९५० रुपये ३१ मार्चपूर्वी, आणि व्याजापोटी १,२५,००० रुपये ३० जूनपर्यंत. दोन्ही बाजूंच्या सह्या, परिषदेची सही. असा समेटाचा करार लवादाच्या निवाड्याइतकाच बंधनकारक असतो. पाळला नाही तर थेट न्यायालयात अंमलबजावणीची दरखास्त करता येते. म्हणून करारात तारखा आणि 'मुदत चुकल्यास पूर्ण व्याज लागू' हे वाक्य घालून घ्या. वकिलांनी ते फोनवर सांगितलं म्हणून मी घातलं.

दोन लाखांहून जास्त व्याज मी सोडलं. नवरा आजही म्हणतो की लवादापर्यंत जायला हवं होतं. त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. मी बँकेत ठेवलेल्या पाटल्यांचं व्याज मोजत होते, आणि लवाद, मग आव्हान, मग पुन्हा तारखा, एवढी ताकद माझ्यात उरली नव्हती. ज्यांच्यात आहे त्यांनी सोडू नये.

२७ मार्च २०२५ ला दुपारी तीन वाजता बँकेचा मेसेज आला. आठ लाख त्रेचाळीस हजार पाचशे सत्तर. जीएसटीचा २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतात तो कर), १६,३८० रुपये, कापून. मी रक्कम दोनदा वाचली आणि मामांना दाखवली. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. त्याच संध्याकाळी सोनं सोडवलं.

व्याजाची ३० जून उलटली. १ जुलैला मी करारातल्या त्या वाक्याचा उल्लेख करून पत्र दिलं, आवक क्रमांकासह. ४ ऑगस्टला १,२५,००० आले. सीए मॅडमनी लगेच सांगितलं की उशिराच्या व्याजावरही जीएसटी लागतो, व्याज हातात आलं की. त्यातले ५,९५२ रुपये कराचे म्हणून भरले. हे कुणी सांगत नाही, तडजोडीचा आकडा ठरवतानाच कर वेगळा लिहून घ्या.

माझा या सगळ्यात खर्च असा झाला: वकील ९,०००, सीए ६,०००, पुण्याच्या तीन फेऱ्या, नोटरी, झेरॉक्स, पोस्ट मिळून आणखी सहा-साडेसहा हजार. सोन्याच्या आणि कॅश क्रेडिटच्या व्याजाचा हिशेब मी मुद्दाम केला नाही.

माझा आतेभाऊ गावाकडे पाणीपुरवठ्याची आणि रस्त्याची छोटी कामं घेतो. मी त्याला उत्साहानं हा रस्ता सांगितला आणि तोंडघशी पडले. बांधकामाच्या कंत्राटांना या परिषदेचा आधार मिळत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. त्याला कलम ८० ची नोटीस, दावा किंवा रिट हेच मार्ग. म्हणून अशा भावांना माझी एक विनंती आहे. तीन वर्षांची मुदत विसरू नका. मोजमाप पुस्तिकेची आणि मंजूर बिलाची प्रत माहिती अधिकारात काढून ठेवा, आणि तीन वर्षं संपायच्या आत कार्यालयाकडून 'इतकी रक्कम प्रलंबित आहे' असं सहीचं पत्र मिळवा. मुदतीत मिळालेल्या अशा लेखी कबुलीपासून मुदत नव्यानं मोजतात. मामांचं 'सरकारी पैसा बुडत नाही' हे खरं आहे, पण मागायचा हक्क मात्र मुदतीत बुडतो.

२०२५ च्या जुलैत सांगली जिल्ह्यात जलजीवनची कामं केलेल्या एका तरुण कंत्राटदारानं बिलं थकल्यावर जीव दिला. ती बातमी वाचली तेव्हा मी आतेभावाला रात्री साडेदहाला फोन केला आणि काहीच विषय नसताना अर्धा तास बोलत राहिले. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी घरात आकडा लपवू नये. मी माझे हात ओढणीखाली झाकले होते, म्हणून सांगतेय. सासूबाईंना कळल्यावर त्यांनीच पुढचे चार महिने घरखर्च स्वतःच्या भिशीतून चालवला.

राहिले ते १६,३८०. कापलेला टीडीएस त्या कार्यालयानं विवरणपत्रात भरला की आपल्या जीएसटी पोर्टलवर दिसतो, आणि तो आपण स्वीकारून दाखल केला तरच रोख खात्यात जमा होतो. मे, जून, जुलै, काहीच दिसेना. ऑगस्टमध्ये पत्र दिलं. भाऊसाहेबांनी फोन केला, "ताई, आमचंच रिटर्न राहिलं होतं, या महिन्यात भरतो." १६ सप्टेंबरला सकाळी पोर्टल उघडलं, रक्कम दिसली, स्वीकारली. मग ती फाईल, एकशे बारा पानांची, दोऱ्यानं बांधून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आणि सात नंबरचा माग बंद का पडलाय ते बघायला खाली गेले.